आमच्या बोअरचं जातिवंत खारं पाणी

हसणार नसाल तरच सांगतो. आणि हसणारच असाल तर आधी चहा संपवा, उगाच ठसका लागायचा.

माणूस माती खातो ती जमिनीवर. मी पाण्यात खाल्ली! आणि तीही रविवारी, सगळ्या आळीदेखत.

त्या वेळी मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो आणि राहायला काटेवाडीत, आपल्या घरी. आमचे नाईक साहेब मुंबईकडचे, इंदापुरात भाड्याच्या बंगल्यात राहायचे. त्यांच्या हॉलमध्ये पलंगाएवढी काचेची टाकी होती. तिच्यात समुद्रातले दगड, दगडांवर हलणारी फुलं आणि मधनं फिरणारे रंगीत मासे. तुम्ही म्हणाल, मासे काय उजनी धरणातबी हायेत. अहो, ते कालवणाचे! हे नुसते बघायचे. कामाचा कागद घेऊन गेलो की मी त्या टाकीसमोर उभा, आणि साहेब आपले सहीसाठी पेन शोधतायत.

मग साहेबांची बदली झाली गुजरातेत. एवढी टाकी नेणार कशी? त्यांनी ती विकायला काढली आणि मी सगळ्यांच्या आधी पुढं झालो. बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुणाच्या घरात असली टाकी नाही, एवढंच डोक्यात. घरात विचारलं का? छे! विचारलं असतं तर हा किस्सा घडला असता का?

पण साहेबांची लेक पिंकी, दुसरी-तिसरीतली असेल, ती काही टाकीपासून हलेना. तिचा एक लाडका मासा होता, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. नाव काय, तर मोती! माशाला कुत्र्याचं नाव! तिनं माझा हात धरला.

"काका, मोती मरणार नाही ना?"

"अगं, माझ्या जिवापेक्षा जास्त जपीन त्याला."

"जायच्या आधी मी त्याला भेटायला येणारे. रविवारी दुपारी. नक्की असेल ना तो?"

डोळे नुसते भरून आले होते पोरीचे. मी शब्द दिला.

साहेब म्हणाले, "भानुदास, नीट ऐका. याला खारंच पाणी लागतं. नुसतं गोडं पाणी चुकूनही घालायचं नाही, मासे मरतील. आणि त्यासाठी हे पोतं..."

"कळलं साहेब!"

"अहो, पण त्या पोत्यात..."

"सगळं कळलं! तुम्ही निर्धास्त राहा."

समोरच्याचं वाक्य अर्ध्यात आलं की मला पुढचं कळतं. माझं डोकंच तसं फास्ट आहे, काय करणार?

आता आमच्याकडं पाण्याच्या जाती दोनच. कॅनॉलचं, विहिरीचं ते गोडं. बोअरचं ते खारं. आणि आमच्या बोअरचं म्हणाल तर असलं खारं, की डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. म्हैस त्यात तोंड घालायची आणि मान वर करून माझ्याकडं बघायची. त्या बोअरपायी मी पाहुण्यारावळ्यांची किती बोलणी खाल्ली होती! आणि साहेब म्हणतायत, खारंच पाहिजे! समुद्र खारा, आमचं बोअर खारं. शब्द एक म्हटल्यावर पाणी एकच की नाही? मला तर वाटलं, पांग फिटले बोअरचे.

रविवारी सकाळी टेम्पो दारात लागला. आमचे वडील, तात्या, ओसरीवर तंबाखू मळत बसलेले.

"भान्या, ह्यात काय ठिवायचं?"

"मासं, तात्या."

"आन् खायाचं कवा?"

"खायाचं न्हाईत. बघायचं."

तात्यांचा तंबाखू मळणारा अंगठाच थांबला. त्यांना माशांपेक्षा माझीच काळजी वाटली असावी.

टेम्पोवाल्यानं विचारलं, "हे पांढरं पोतं कुठं टाकू?" पोत्यावर सगळं इंग्रजी. म्हटलं, खतबित असेल. "गोठ्यात टाक, युरियाच्या शेजारी." साहेबांनी टाकीतलं जुनं पाणीही कॅन भरून दिलं होतं. बायको, शोभा, म्हणाली, "आवं, ह्याचं काय करू?"

"शिळं पाणी हाय. घाल कढीपत्त्याला."

एक कॅन गेला बिचाऱ्या कढीपत्त्याच्या बुडात. बाकीचे राहिले, कारण शोभाला भाकरी करपल्याचा वास आला.

मी मोटर लावली, पाइप सोडला, टाकी काठोकाठ भरली. काय दिसत होती! दारात सगळी आळी गोळा. मग माशांची पिशवी सोडून मान म्हणून पहिला सोडला मोती.

मोती खाली गेला, वर आला, कडेला गेला आणि तोंड उघडून तिथंच डुगडुगायला लागला.

"काय झालं ह्याला?" शोभानं विचारलं.

"नवी जागा हाय. लाजतोय."

मोती हळूच एका कुशीवर कलंडला.

तात्या उठून जवळ आले. "लाजताना कुणी आडवं पडतंय व्हय रं?"

दुपारी पोरगी येणार! तिला काय सांगू? मोती झोपलाय म्हणून? तसाच अनवाणी पळालो दूध डेअरीच्या फोनवर. डेअरीत ही गर्दी! पण लाजायला वेळ कुणाला होता?

"साहेब, मोती आडवा झाला!"

"पाणी खारं आहे ना?"

"एकदम खारं!"

"किती मीठ घातलंत?"

"मीठ? घातलं न्हाय साहेब. आमच्या बोअरचं जन्मजातच खारं हाय!"

मग साहेब असे ओरडले, की डेअरीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"अहो, खारं म्हणजे खारट! समुद्रासारखं! पोत्यात मीठ आहे, ते गोड्या पाण्यात कालवायचं! आधी त्याला जुन्या पाण्यात टाका!"

मी पळत सुटलो. देवा, एवढा एक मासा वाचव, परत कुणाचं वाक्य तोडणार नाही. आणि मागनं डेअरीतला एक जण ओरडला, "भानुदासराव, माशांना साबणबी द्या, फेस येतोय का बघू!"

घरी आलो तर चित्र वेगळंच. तात्यांनी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं होतं आणि म्हणाले होते, "हे तर नुसतं मचूळ हाय." मग कॅनमध्ये बोट घातलं आणि थू थू करत ओरडले, "आरं, हे मिठवणी! मासं ह्यातलं हाय!" शोभानं भजी तळायचा झारा घेऊन मोतीला उचललं आणि कॅनमधल्या पाण्यानं भरलेल्या पातेल्यात सोडलं होतं, मागनं पिशव्यांतले बाकीचे मासेही.

मी पातेल्यात वाकून बघितलं. मोती सरळ झाला होता! शेपटी हलवत गोल गोल फिरत होता.

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो हितं खरोखरच पडला होता. मी हसायलाच लागलो. डोळ्यांतनं पाणी. तेही खारंच.

मग काय, टाकी रिकामी केली, शेजारच्या विहिरीचं गोडं पाणी आणलं, युरियाशेजारचं पोतं ओढून आणलं आणि कालवाकालव सुरू. आळीतला जो तो येऊन बोट घालून चाखतोय. कुणी म्हणतंय, अजून एक ओंजळ टाका. कुणी म्हणतंय, फोडणी राहिली.

दुपारी साहेब आले. पाण्याचा खारटपणा मापून बघितला, अजून मीठ घातलं आणि म्हणाले, पाणी मुरू दे, आजच्या दिवस मासे पातेल्यातच राहू देत. पिंकी तर सरळ चुलीपाशी ठेवलेल्या पातेल्याकडं धावली. मोती काठाशी आला, तिच्या बोटापाशी. पोरगी अशी हसली, की मला वाटलं, सुटलो एकदाचा! शब्द राहिला आपला!

पण शोभा गप्प बसेल तर ना! तिनं सगळं रामायण सांगितलं, झाऱ्यासकट. पिंकी डोळे मोठे करून ऐकत होती.

निघताना तिनं माशांच्या खाण्याची डबी काढली. मी हात पुढं केला. ती माझ्या हाताला वळसा घालून तात्यांकडं गेली.

"आजोबा, मोतीला तुम्ही सांभाळा. काकांना टाकीला हात लावू देऊ नका."

तात्यांनी डबी कोपरीच्या खिशात घातली. तिच्या डोक्यावरनं हात फिरवला.

"काळजी करू नगंस, बाळा. त्याला आमी आता म्हशीच्या पाण्यालाबी हात लावू देत न्हाय."