नील बेटावरची द्वादशी

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. दादाने बॅगा खाली आणून रिक्षात ठेवल्या, आईला हात धरून बसवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "नीट बघ तिच्याकडे. आल्यावर मला खरं काय ते सांग."

आता हे 'खरं काय ते' म्हणजे काय, ते आधी सांगते. आई दादाकडे खांदा कॉलनीत राहते, चौथ्या मजल्यावर. मी पनवेल गावात शाळेजवळ खोली घेऊन राहते आणि सहावी-सातवीला भूगोल शिकवते. त्या पावसाळ्यापासून आई कुणाला न सांगता घराबाहेर पडायला लागली होती. दोनदा ती कॉलनीमागच्या नाल्याच्या मोरीपाशी सापडली, लुगड्याचा काचा मारून मोरीच्या तोंडाशी दगड रचताना. काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, उघाडी लावायची राहिली. उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधातली झडप, भरतीचं पाणी आत घ्यायला आणि अडवायला असते ती. आईच्या वडिलांच्या हातात गावच्या मिठागराची उघाडी होती. मिठागर नव्या शहराखाली जाऊन दहा वर्षं झाली होती. त्यात ती दूध उतू घालवायची, नातवंडांच्या नावांची अदलाबदल करायची. दादा-वहिनी दोघं नोकरीला जातात, तेव्हा दिवसभर दाराला बाहेरून कुलूप लावायचं असं दादाने ठरवलं होतं. नवंकोरं कुलूप आणून टीव्हीवर ठेवलंही होतं. ते बघून माझं डोकं फिरलं. आईला कोंबडीसारखं डालायचं का, असं मी भर दिवाळीत त्याला विचारलं. शेवटी ठरलं ते असं, की सुट्टीत आईला मी घेऊन जायचं, पंधरा-वीस दिवस रात्रंदिवस तिच्याबरोबर राहायचं आणि मग काय ते बोलायचं.

अंदमान निवडलं ते आईमुळेच. माझ्या खोलीतल्या नकाशावरच्या त्या ठिपक्यांवर बोट ठेवून तिने विचारलं होतं, "दर्या सगळीकडं सारकाच काय गं?" मी वह्या तपासत होते. सारखाच, खारटच, असं म्हणून मी पुढची वही ओढली.

कल्याणहून मद्रास आणि मद्रासहून बोट. बोटीवरचे तीन दिवस मी सहप्रवासी कमी आणि पहारेकरी जास्त होते. अर्धी बोट ओकत होती, मीही त्यातच, आणि आई मात्र डेकवर फतकल मारून शेंगा सोलत होती. मी मनातल्या मनात हिशेब ठेवत होते. पहिल्या दिवशी ती केबिनचा नंबर विसरली, एक गुण वजा. दुसऱ्या दिवशी एका तेलुगू बाईच्या रडणाऱ्या पोराला तिने तीन तास सांभाळलं, एक गुण जमा. मास्तरणीची खोड, दुसरं काय.

पोर्ट ब्लेअरला पोचलो त्या दुपारी आई म्हणाली, "काळोख पडतोय, दिवा लाव." घड्याळात पावणेपाच झाले होते. एक गुण वजा, मी मनात म्हटलं. खिडकी उघडली तर खरंच सूर्य टेकायला आला होता. इतक्या पूर्वेला, त्यात कार्तिक महिना, म्हणजे पाच वाजता दिवस संपणारच. मुलांना हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. त्या संध्याकाळी मी आईला दोनदा मिठी मारली आणि तिला काही कळेना.

तिथून लहान बोटीने नील बेटावर गेलो. धक्क्यापाशी पाणी इतकं नितळ, की तळाच्या वाळूवर बोटीची सावली दिसत होती. बेटावर सगळी बंगाली वस्ती, भातशेती, केळी, सुपारी, वांग्या-भोपळ्यांचे मळे. विश्रामगृहाचा राखणदार हरिपद हा पन्नाशीचा, सडपातळ माणूस, सकाळी स्वतःची डोंगी (वल्ह्याची लहान होडी) घेऊन मासे मारायचा आणि दुपारी पाहुण्यांना जेवू घालायचा. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आईचा उपवास ऐकून त्याने रताळी उकडून दिली, शहाळी फोडून दिली, आणि बायकोला बोलावून आईला नमस्कार करायला लावला. त्याची बायको बंगालीत बोले, आई आमच्या आगरी बोलीत, आणि दोघींचं अर्धा तास छान चाललं होतं.

द्वादशीला सकाळी आईने भात आणि मोहरी लावलेल्या माशावर उपवास सोडला. "आज तुळशीचं लगीन," ती म्हणाली, "घरी सून इसरंल." किनाऱ्यासमोर, पाणी ओसरलं की उघडा पडणारा प्रवाळाचा सपाट खडक आहे आणि त्याच्या टोकाला झाडं असलेला एक छोटा टापू. मध्ये एक घळ आहे, ओहोटीला घोट्याएवढं पाणी असलेली. आईला त्या टापूवर जायचं होतं. हरिपद म्हणाला, जा, पण एकच्या आत परत या. "एक बजे के बाद पानी आता है, दीदी."

आईने मान हलवली. "नाय. आज बारस हाय. नवाला भरती झाली, तीनाला पुरी सुकती." सुकती म्हणजे ओहोटी. आमच्याकडच्या आगरी-कोळ्यांचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमेला-अमावास्येला सव्वाअकराला, अष्टमीला सहाला, द्वादशीला नवाला. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. आईला अक्षर येत नाही, पण ही पाऊणकी तिच्या बोटांवर आहे. गावाजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर मुंबईची लाँच गाळात अडकणार का, हे ती पंचांग न बघता सांगायची.

मी हरिपदचं ऐकायला हवं होतं. तो तिथे तीस वर्षं राहत होता. पण आई किती दिवसांनी अशी ठामपणे बोलली होती. तिने बरोबर ठरावं एवढीच माझी इच्छा होती, आणि त्या इच्छेपुढे माझा भूगोल, माझी अक्कल सगळी गहाण पडली. मी हरिपदला हसून म्हटलं, "माँ को समुंदर मालूम है."

बाराच्या सुमारास आम्ही टापूवर पोचलो. आई भलतीच खुशीत होती. डबक्यांतले निळे मासे, जांभळ्या टोकांचे शिंपले, लाथ मारली की आक्रसणारी समुद्रकाकडी, सगळं मला दाखवत होती. मग झाडाखाली बसून तिने आजोबांच्या गोष्टी सांगितल्या. उधाणाच्या दिवशी उघाडी वेळेवर लागली नाही तर पिकलेलं मीठ एका घटकेत विरघळून जाई, म्हणून आजोबा जेवतानाही पाण्याकडे तोंड करून बसत. सगळ्या भावंडांत वेळ बघायला ते आईलाच बांधावर बसवत. हे तिने मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं, किंवा मी ऐकलं नव्हतं. दादाला सांगायचं उत्तर माझ्या मनात तयार झालं होतं.

दीड वाजता मी चपला आणायला उठले. ज्या दगडावर त्या ठेवल्या होत्या तो दगड दिसेना. एक चप्पल पाण्यावर हलत होती, दुसरी गेली होती.

"आई, पाणी चढतंय."

"वाऱ्यानं दिसतंय तसा. अजून दीड तास उतरंल."

मी घळीकडे पाहिलं. येताना घोट्याएवढं असलेलं पाणी आता मधोमध हिरवं झालं होतं, तळ दिसत नव्हता. उघडा खडक दोन्ही बाजूंनी आक्रसत होता. मला पोहता येत नाही. मिठागरवाल्याची नात आणि पोहता येत नाही, यावरून आईने मला आयुष्यभर चिडवलं आहे. मी तिला हाताला धरून काठाशी आणलं आणि तिने पाण्यात पाय घातला. पाण्याची ओढ कुठल्या दिशेला आहे हे तिला पायालाच कळलं असणार, कारण तिचा चेहरा उतरला.

ती बोटं मोजायला लागली. एकदा मोजली, परत मोजली. "आज बारसच ना गं?" मी म्हटलं, हो आई, काल एकादशी होती, आज तुळशीचं लग्न. ती माझ्याकडे बघत राहिली. "मग मना काय झाला गं बाय? माझा इसाब कदी चुकला नाय." आणि मग अगदी हळू म्हणाली, "तुजा दादा बोलतो तसाच झाला काय?"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. टीव्हीवरचं कुलूप, माझा पहारा, सगळं. पाण्याची भीती होतीच, पण त्या क्षणी मला लाज जास्त वाटली. संपलं, दादाचं बरोबर होतं, असंच मला वाटलं होतं.

मी हाका मारल्या. किनारा तीनशे पावलांवर होता आणि तिथे कुणी नव्हतं. मी म्हटलं, इथेच थांबू, टापू काही बुडणार नाही. आईने झाडांच्या बुंध्यांवरची ओली रेघ दाखवली. माझ्या खांद्याएवढी होती ती. "घळीत आता कंबरभर हाय. थांबलो तर हितं गल्यापर्यंत येल," ती म्हणाली. आवाज बदलला होता, मघाची विचारणारी आई राहिली नव्हती. तिने काचा घट्ट मारला, पदर पिळून माझ्या मनगटाला दोन गाठी दिल्या आणि पुढे झाली.

"पाय उचलू नको. घासत ये. पाण्याकडं बगू नको, माज्या पाठीकडं बग."

घळीत पाणी कमरेला लागलं, मग छातीला. आई माझ्याहून वीतभर ठेंगणी, तिच्या हनुवटीला लागत होतं. प्रवाळाने माझ्या अनवाणी पायाचा तळवा कापला आणि मी किंचाळले, तर तिने मागे न बघता पदराला हिसका दिला. ओढ आम्हाला डावीकडे रेटत होती. ती सरळ न जाता तिरपी चालत होती, ओढीच्या अंगाने थोडी, मग थांबून, मग पुन्हा. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाणी परत कमरेवर आलं तेव्हा हरिपद डोंगी वल्हवत येताना दिसला. त्याने आम्हा दोघींना काखेत धरून आत ओढलं.

किनाऱ्यावर येईपर्यंत तो मला बोलत होता. बूढ़ी माँ को लेकर, पढ़ी-लिखी होकर, असं बरंच. मी मान खाली घालून ऐकलं. आई मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती. तो दम घ्यायला थांबला तेव्हा तिने तिच्या हिंदीत विचारलं, "पूनम को पानी कब भरता?"

"पूर्णिमा? साढ़े आठ बजे."

"सवा ग्यारा को नहीं?"

"सवा ग्यारह को कैसे होगा, माँ? यहाँ तो साढ़े आठ."

आई ओल्या लुगड्याने वाळूत बसली आणि बोटं मोजू लागली. मी तिच्या शेजारी बसले आणि मीही मोजलं. सव्वाअकराऐवजी साडेआठ, म्हणजे पावणेतीन तास आधी. द्वादशीची ओहोटी तीनला नाही, सव्वाबाराला. आम्ही टापूवर पोचलो तीच पुरी ओहोटी होती. तिच्या हिशेबात रतीभर चूक नव्हती. तो हिशेब आमच्या खाडीचा होता आणि हा समुद्र दुसरा होता, एवढंच. आणि 'सगळीकडं सारकाच' असं तिला भूगोलाच्या बाईंनी सांगितलं होतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, पायाला हळद लाव आधी.

पुढचे दोन दिवस तिने वाळूत काठ्या रोवल्या आणि मला घड्याळ घेऊन शेजारी बसवलं. त्रयोदशीला सकाळी सातला पाणी काठीला टेकलं, चतुर्दशीला पावणेआठला. निघताना हरिपदच्या बायकोने आईला मोहरीची पुडी दिली आणि आईने तिला आपली पाऊणकी दिली, पावणेतीन तास वजा करून.

घरी आलो तेव्हा दादाने दारातच विचारलं, "मग?" मी म्हटलं, रविवारी सांगते. रविवारी अमावास्या होती, आईच्या हिशेबाने सव्वाअकराची भरती. पावणेअकराला मी आईला आणि दादाला घेऊन कॉलनीमागच्या मोरीपाशी गेले. मोरीतलं काळं पाणी नेहमीसारखं खाडीकडे वाहत होतं. दादा घड्याळ बघत होता. अकराला ते थांबलं, आणि मग हळूहळू उलटं, कॉलनीकडे यायला लागलं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं. मोरीपलीकडच्या खोलगट भागातल्या झोपड्यांमधली एक बाई बाहेर आली आणि आईला म्हणाली, आजी, कुठं होता इतके दिवस? गेल्या पुनवेला चुलीत पाणी आलं.

दादाने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मग त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि विचारलं, "आई, दगड कुठे लावायचा?"

आई अजून दूध उतू घालवते आणि नातवंडांची नावं चुकवते. ते पुढे वाढेलही, मला स्वतःला फसवायचं नाही. पण ते कुलूप दादाने मुलाच्या सायकलला लावलं आहे आणि दाराची किल्ली आईच्या कनवटीला असते.