माजी साहेबांचं पत्र

आमच्या हॉटेलात राष्ट्राध्यक्ष दोन प्रकारचे येतात, चालू आणि माजी. चालू राष्ट्राध्यक्ष आम्हाला धड दिसतसुद्धा नाहीत. त्यांची माणसं दोन दिवस आधी येऊन किचन हुंगून जातात, चहा त्यांचाच माणूस ओततो आणि आम्ही बँक्वेटवाले भिंतीला पाठ लावून उभे. माजी मात्र माणसासारखे येतात. एक सेक्रेटरी, एक बॅग आणि भरपूर वेळ. ते वेटरचं नाव विचारतात, चहाला थँक्यू म्हणतात, लिफ्ट कुठे आहे ते स्वतः शोधतात.

आखातातल्या जुफैरच्या या हॉटेलात मी अठरा वर्षं आहे, त्यातली नऊ बँक्वेट कॅप्टन, म्हणजे मेजवान्यांच्या वेटरांचा प्रमुख म्हणून. थंडी पडली की परिषदांचा मोसम सुरू होतो. विषय पाण्याचा असो, तेलाचा असो नाहीतर शांततेचा, चार-पाच माजी लागतातच. त्यांनाही 'युअर एक्सलन्सी'च म्हणायचं, असं आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मला ते शिकवायची गरज नव्हती. रत्नागिरीच्या खाडीकाठी आमच्या गावात ज्यांचं पद जाऊन वीस वर्षं झाली त्यांना लोक आजही सरपंच म्हणतात, आणि त्यांची चिठ्ठी घेऊन गेलं की तलाठी खुर्ची पुढे करतो. अम्माचं रेशन कार्ड त्यांच्याच चिठ्ठीवर झालं. चुलत बहिणीला शाळेत नोकरी लागली ती एका माजी आमदाराच्या पत्रावर. माजी म्हणजे आता ज्याला भेटता येतं असा मोठा माणूस, एवढाच अर्थ आम्हाला ठाऊक.

या समजुतीने माझ्या धाकट्या भावाचं वाटोळं झालं. समजुतीने म्हणतोय खरं, पण केलं मी.

भाऊ एका छोट्या तेलाच्या जहाजावर कुक होता. मालकाने चोरीचं डिझेल भरलं आणि एका देशाच्या तटरक्षकांनी जहाज धरलं. कॅप्टनपासून कुकपर्यंत सहाही जणांना बारा बारा वर्षं. डाळीला फोडणी देणाऱ्याला खालच्या टाकीत काय आहे ते कसं कळणार, हे तिथल्या कोर्टाला कुणी विचारलं नाही. देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण भाऊ अजून तिथेच आहे.

पहिल्या वर्षी मी सुट्टी टाकून त्याला भेटायला गेलो होतो. भेटीच्या खोलीत अधिकाऱ्याच्या डोक्यावर राष्ट्राध्यक्षांचा मोठा फोटो होता. छातीवर पट्टा, पदकं, डाव्या भुवईत पांढऱ्या केसांचा एक झुबका. आम्ही दोघं भाऊ वीस मिनिटं त्या फोटोखाली बसलो. बोललो पंधरा, उरलेली रडण्यात गेली. दयेचा अर्ज त्याच साहेबांकडे जायचा होता. दोनदा गेला, दोनदा नाकारून परत आला. मग तिथे निवडणूक झाली, साहेब हरले, आणि त्या खोलीत दुसऱ्याचा फोटो लागला असं भावाने फोनवर सांगितलं.

त्यानंतरच्या थंडीत मी लॉबीतून कपांची ट्रॉली नेत होतो, आणि खांबाशेजारी तीच पांढरी भुवई उभी. हातात मोबाइलचा चार्जर, नजर खाली, सॉकेट शोधत. मी ट्रॉली तिथेच सोडली. त्यांना सॉकेट दाखवलं, खुर्ची दिली, गहवा आणून दिला. गहवा म्हणजे इथली वेलदोड्याची कडू कॉफी. त्यांनी तीन कप घेतले आणि माझं गाव विचारलं. मी गाव सांगितलं आणि पुढचं गिळलं, कारण मला इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती.

त्या संध्याकाळी अम्माला फोन केला तो नुसतं सांगायला. गहव्याला ती कावा म्हणते. ती म्हणाली, "एवढा मोठा माणूस तुझ्या हातचा कावा पितो, आणि तू गप बसतोस?"

गप बसायला मला वकिलाने सांगितलं होतं. तिथला वकील सरळ माणूस. महिनाभर आधी त्याचा फोन आला होता की नवे राष्ट्राध्यक्ष ईदच्या आधी परदेशी कैद्यांची यादी काढणार आहेत आणि आपल्या जहाजाचे सहाही जण तिच्यात आहेत. आता काही करू नका, कुणाला लिहू नका, कुणाला भेटू नका, फक्त थांबा. हे मी अम्माला समजावून सांगितलं. ती म्हणाली, याद्या काय, मागेही येणार येणार म्हणत होते. इंशाल्ला म्हणून बसून राहायचं आणि समोर आलेल्या माणसाला हात जोडायचे नाहीत, ही कुठली रीत? तिचं म्हणणं मला पटलं. खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं. अठरा वर्षं मोठ्या माणसांच्या पुढ्यात कप ठेवतोय, कधी एकाकडे काही मागितलं नव्हतं.

परिषदेच्या तिसऱ्या दिवशी ते कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. सेक्रेटरी बाई फोनवर होत्या. मी गहवा ओतला आणि माझ्या हॉटेलच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. जहाज, डिझेल, कुक, दोन अर्ज. शेवटी विचारलं, सर, तुम्ही तो अर्ज वाचला होता का?

ते म्हणाले असते 'आठवत नाही', तर मी कप उचलून निघून गेलो असतो. ते म्हणाले, नाही वाचला. गठ्ठ्याने फायली यायच्या, खालच्याने 'नामंजूर' लिहिलेलं असायचं, मी सही करायचो. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली नाही. माझा इतक्या दिवसांचा राग तिथल्या तिथे विरघळला, आणि आजही मला त्याचं नवल वाटतं. मग त्यांनीच पेन मागितलं.

सेक्रेटरी बाईंनी फोन ठेवला, काय चाललंय ते विचारलं आणि म्हणाल्या, "सर, हे आपण घरी गेल्यावर शांतपणे बघू." माझ्याकडे त्यांनी अशी नजर टाकली की मला वाटलं, हिला वेटरच्या भावासाठी साहेबांनी लिहिणं कमीपणाचं वाटतंय. मनात म्हटलं, बाई, तुमचं काय जातंय. आज कळतं, ती बाई मला वाचवू बघत होती. पण साहेबांनी ऐकलं नाही. त्यांच्या संस्थेचं लेटरहेड, वर सोनेरी अक्षरांत 'माजी राष्ट्राध्यक्ष', खाली लांबलचक झोकदार सही. हा माणूस निर्दोष आहे, याच्याकडे माझ्या काळात दुर्लक्ष झालं, माझी वैयक्तिक विनंती आहे, वगैरे. सही करताना त्यांचा हात ताठ झाला होता, चेहऱ्यावर रंग आला होता. त्या क्षणी ते परत खुर्चीत बसले होते, आणि मी त्यांना बसवलं होतं.

पत्र मी दुसऱ्याच दिवशी शेजारच्या हूरा भागातल्या कुरियरवाल्याकडून तिथल्या तुरुंग खात्याला पाठवलं. वकिलाला विचारलंच नाही. भावाला फोनवर सांगितलं, अम्माला फोटो पाठवला. तिने मोठी झेरॉक्स काढून सरपंचांना दाखवली. सरपंच म्हणाले, आता काम झालं असं समजा.

ईदच्या आठ दिवस आधी यादी निघाली. जहाजाचे पाच जण सुटले. सहावा नव्हता.

वकिलाने फोन केला तेव्हा मी नॅपकिन घडी करत होतो. त्याचा आवाज रागाचा नव्हता, तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, सगळ्यांच्या फायली सारख्या होत्या. फक्त कुकच्या फायलीत जुन्या राष्ट्राध्यक्षांचं पत्र निघालं, आणि त्यांच्यावर तर इथे खटले भरायचं चाललंय. कुणाच्या तरी मनात आलं, एवढा मोठा माणूस एका कुकसाठी का धडपडतो? हा कुक त्यांचा कोण? त्यांनी नावावर काट मारली. मग त्याने विचारलं, पत्र कुणी पाठवलं? मी सांगितलं. तो फक्त 'बरं' म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी खोलीवर गेलो, बाथरूमचा नळ सोडला आणि भर दुपारी तोंडात टॉवेल कोंबून रडलो. खोलीत आम्ही तिघं राहतो, दुसऱ्यांची झोप मोडायची नव्हती. काही केलं नसतं तर भाऊ घरी असता. नुसता हात बांधून बसलो असतो तर. हा विचार मी तेव्हापासून रोज करतो, आणि रोज तो तेवढाच लागतो.

सुटलेल्यांपैकी दोघे दापोलीकडचे. ते मिठाई घेऊन अम्माला भेटायला गेले. अम्माने त्यांना जेवू घातलं आणि मग मला फोन करून विचारलं, सगळे आले, माझा का नाही? मी म्हटलं, कागद अडकलाय. भावालाही तेच सांगितलं. खरं वकील जाणतो आणि मी.

पुढच्या थंडीत साहेब येणार आहेत हे मला पाहुण्यांच्या यादीवरून कळलं. मी वाक्यं पाठ केली. सर, तुमच्या पत्राने माझा भाऊ आत राहिला. सर, तुमची सही आता विष आहे, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? बाथरूमच्या आरशासमोर उभा राहून म्हणत होतो. त्यांनी माफी मागावी एवढंच मला हवं होतं.

ते आले ते काठी घेऊन. वर्षात दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. मागच्या वेळी दुसऱ्या रांगेत खुर्ची होती, यंदा पाचव्या. ती सेक्रेटरी बाई नव्हती, एक भाचा सोबत होता. त्याच्याकडून कळलं की साहेबांचे जुने सहकारी आत गेलेत आणि साहेबांना स्वतःच्या देशात पाय ठेवायची सोय उरलेली नाही. कुणीतरी मंत्री त्यांच्याशी दोन शब्द बोलत होते. साहेबांना मी दिसलो, तसे ते मंत्र्याला अर्ध्यात सोडून काठी टेकत माझ्याकडे आले. दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"तुझा भाऊ?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "घरी आला, सर."

का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. पाठ केलेलं सगळं होतं, जिभेवर होतं. पण त्यांनी माझा हात सोडला नव्हता, आणि ते चेहरा असा करून उभे होते, जणू यादी मीच वाचणार आहे. माझं उत्तर ऐकून ते जवळच्या खुर्चीवर बसले आणि डोळे पुसले. म्हणाले, पद गेल्यापासून माझ्या सहीने झालेलं हे एकच काम.

दुसऱ्या दिवशी सखीरला विद्यापीठात विद्यार्थ्यांपुढे त्यांचं भाषण होतं आणि चहापाणी आमच्या हॉटेलकडे होतं. मी मागच्या भिंतीशी थर्मास घेऊन उभा. सत्ता म्हणजे काय, यावर ते बोलत होते. मुलं मोबाइल बघत होती. मग ते म्हणाले, सत्ता गेल्यावरच मला माणसं दिसायला लागली, आणि त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. एक गरीब कुक. एक भाऊ, गहवा ओतणारा. एक पत्र. मुलांनी मान वर केली. साहेब छान सांगत होते, आवाजात दम आला होता. आईने दार उघडलं आणि मुलगा समोर उभा, हेही त्यांनी घातलं. ते मी सांगितलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी काठी माझ्याकडे रोखली आणि म्हणाले, तो भाऊ तिथे उभा आहे.

सगळं सभागृह वळलं. टाळ्या थांबेनात. काही मुली रडत होत्या. मी थर्मास डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला. तोंडावर हसू आणलं, ते आमच्या नोकरीत येतंच. मॅनेजर इतका खूश झाला की त्याने माझा फोटो कँटीनच्या बोर्डावर लावला. अजून आहे. जेवायला मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

साहेबांवर माझा राग नाही. त्यांनी न वाचता सही केली तेव्हाही भाऊ आत राहिला आणि मनापासून केली तेव्हाही. पण दुसऱ्या वेळी पेन मी दिलं होतं.

त्या शुक्रवारी भावाचा फोन आला. आठवड्याला दहा मिनिटं मिळतात. तो आता तुरुंगाच्या किचनमध्ये आहे, त्याचं माशाचं कालवण वॉर्डरही मागून नेतात, हे त्याने कौतुकाने सांगितलं. अम्माच्या गुडघ्याची चौकशी केली. मग विचारलं, "भाय, साहेब यंदा आले व्हते काय?"

मी आले होते म्हटलं.

"माजा सलाम सांगितलास ना? लय मोठा माणूस. आपला कागद अडकला, त्यात त्यांचा काय दोष नाय." मागे वॉर्डर वेळ संपल्याचं ओरडत होता, म्हणून तो घाईने बोलायला लागला. "भाय, ऐक. त्यांच्याकडून अजून एक पत्र घे. एकात नाय झाला, दुसऱ्यात व्हईल. घेशील ना?"

मी घेतो म्हटलं.