परदेशातल्या लोकायले नक्की काय आवडते?

आज दुपारपासून डोकं नुसतं भणभणून राह्यलं, म्हणून तुमाले इचारते.

मानोऱ्यात सरकारी शिबिर होतं. आमचं बंजारा भरतकाम परदेशी बाजारात न्यायचं नवं धोरण आहे म्हणे. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, प्रत्येक पिशवी वेगळी हवी. एकसारखी परदेशात चालत नाही."

मी चक्रावलीच. सत्तरच्या दशकात, मी लहान असताना, आमच्या तांड्यावर असेच एक सरकारी साहेब जीपनं आले होते. नमुन्याची पिशवी दाखवून माझ्या याडीले, म्हणजे आईले म्हणाले, "बाई, सगळ्या हुबेहूब अशाच करा. वेगळी परदेशात चालत नाही."

तवा पिशव्यायले लावाच्या कवड्या कमी पडल्या. त्यासाठी याडीनं माझ्या लग्नासाठी भरतकाम करून ठेवलेली एकुलती एक पिशवी उसवली. मी रडाले लागली, त म्हणे, "पोरी, सरकारले आपल्यापेक्षा जास्त समजते."

पिशव्या गेल्या. साहेब काही पुन्हा आले नाहीत.

आज निघताना मॅडम माझा हात धरून म्हणाल्या, "मावशी, तुमच्या आईच्या हातची एखादी जुनी पिशवी आहे का? नमुना म्हणून हवी होती."

तुमीच सांगा, त्यायले काय सांगू?