झावळ्यांची राख

काल चेन्नईत, अड्यारच्या आमच्या चर्चमागे गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळत होते. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख त्यांचीच करतात. तो कडवट धूर नाकात गेला आणि वीसेक वर्षांपूर्वीचे आप्पा आठवले.

आई गेल्यावर मी आप्पांना, माझ्या वडिलांना, नगरहून चेन्नईला आणलं होतं. उपासना तमिळमध्ये असायची, पण गीताची चाल ओळखीची निघाली की आप्पा मोठ्याने मराठी शब्द गायचे. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायची. एका रविवारी मी त्यांच्या कानाशी म्हणालो, "आप्पा, मनातल्या मनात म्हणा. लोक बघतात."

"बरं," ते म्हणाले.

पुढे राखेच्या बुधवारी पाळकांनी पश्चात्तापासाठी सगळ्यांना पुढे बोलावलं. मी गुडघे टेकले, रडलो आणि कपाळावर राख घेऊन हलक्या मनाने परतलो. आप्पांचे गुडघे दुखायचे, म्हणून ते बाकावरच होते. ओळखीच्या चालीवर त्यांचे ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. माझ्या नाकावर सांडलेली राख त्यांनी रुमालाने पुसली आणि विचारलं, "सगळं सांगितलंस ना, बाळा?"

"हो, सगळं."

त्याच वर्षी ते गेले. तोवर चर्चमध्ये त्यांचा आवाज मला पुन्हा ऐकू आला नाही.

त्या दिवशी मी देवापुढे एकेक चूक आठवून आठवून सांगितली होती. ही मला आठवलीसुद्धा नव्हती.