काचेखालची दुसरी गोळी

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, मुरबाडला मोटार वाइंडिंगचं काम करतात. विहिरीवरचे जळालेले पंप त्यांच्या दुकानात येतात आणि तांब्याची नवी तार लेवून परत जातात. मी आटगावजवळच्या एका कारखान्यात फिटर आहे. सणासुदीला भेटायचं, जेवायचं, निघायचं, एवढंच आमचं नातं होतं. एकदा त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा देशात एक म्हातारा घरातच पिनबॉलचं यंत्र बनवत होता. खाली दाजींनी लिहिलं होतं, 'आपल्याला जमंल.'

फळीवर खिळे ठोकून गोट्या सोडायचा खेळ लहानपणी आम्ही सगळ्यांनीच केलेला. पिनबॉल त्याचाच थोरला भाऊ. उतरतं टेबल, वर काच, आत पोलादी गोळी आणि खालच्या टोकाला दोन आखूड पाती. बटण दाबलं की पातं उसळतं आणि खाली आलेली गोळी पुन्हा वर जाते. पात्यांमधून निसटली की डाव संपला.

शेणव्याच्या आमच्या घराच्या पडवीत काम सुरू झालं. पहिलं प्लायवूड पावसाळ्यात फुगलं आणि गोळी कायम डावीकडेच पळू लागली. पातं उसळवायला दाजींनी तार गुंडाळून भरलेल्या कॉइलला इतका जोर की पहिल्याच फटक्याला गोळी काच फोडून बाहेर आली आणि आई तांदूळ पाखडत होती त्या सुपात पडली. आई म्हणाली, "पोरांनी खेळायचं, तर या वयात तुमालाच खेळायचं सुचतंय." पण तिनंच माळ्यावरून बैलांच्या गळ्यातल्या जुन्या घंटा काढून दिल्या. त्या आम्ही काचेखाली बसवल्या. गोळी कशावर आपटली ते घंटेच्या आवाजावरून कळायचं.

त्यामुळेच बाबांना खेळता आलं. काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली. आम्ही काम करताना ते पडवीतल्या खाटेवर बसून ऐकत असायचे. यंत्र चालू झालं त्या दिवशी उठले, चाचपडत आले आणि म्हणाले, "मला हात लावू द्या रे." पहिले काही डाव लगेच गेले. मग त्यांना गोळीचा आवाज उमगला. लाकडावर ती कशी घरंगळते, वळताना कशी दबते, पात्याजवळ येताना कशी बारीक होते, हे त्यांना आमच्यापेक्षा आधी कळू लागलं. भातं कापून झाली होती, दुपारी पडवी मोकळी असायची. मान जराशी तिरकी करून ते तासन्‌तास खेळत. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं खुलून बसलेलं पाहिलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी दाजी आणि मी पडवीत जेवून बसलो होतो. खेळता खेळता बाबा म्हणाले, "दुसरी गोळी कुनी सोडली?"

"एकच हाय बाबा," मी म्हटलं.

"दोन हायेत. दुसरी हलकी हाय. सावकाश येते."

दाजी हसले, पण उठून त्यांनी काच काढली. आम्ही आत हात फिरवला, डाव गेला की गोळी पडते ती खालची पेटी उघडली, एक सुटा स्क्रू मिळाला, तो काढला. बाबांनी पुन्हा सुरुवात केली आणि थोड्या वेळानं शांतपणे म्हणाले, "हायेच ती."

त्यानंतर मी त्यांचे हात बघू लागलो. आमची गोळी आली की ते बटण दाबत. आणि मधेच, गोळी वर घंटांमध्ये अडकलेली असताना, पुन्हा दाबत. रिकामं पातं उसळून खाली बसायचं. बाबांचा चेहरा मात्र गोळी बरोबर लागल्यासारखा व्हायचा.

मग एक दिवस लाइट गेली. यंत्र बंद, घंटा गप्प, आमची गोळी खालच्या पेटीत जाऊन पडलेली. भर दुपारची वेळ, अंगणात ऊन, वाळत घातलेल्या भातावर चिमण्या. बाबा बटणं दाबतच होते.

मी म्हटलं, "बाबा, लाइट गेली."

"तिला लाइट लागत नाय," ते म्हणाले.

दाजींनी काचेवर पंजा टेकला, कॉइल तापली की नाही ते बघतात तसा. आणि झटकन उचलला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी ठेवा बरं हात."

मी ठेवला. काचेतून एक बारीक थरथर वरून खाली येत होती. ती खाली आली, बाबांचं बोट दाबलं गेलं आणि थरथर माझ्या तळव्याखालून वर निघून गेली. काचेखाली काही नव्हतं. लाकूड, घंटा आणि आमच्या दोघांच्या तोंडांचं प्रतिबिंब.

आई चहा घेऊन आली, आमच्याकडे बघितलं आणि कप खाटेवर ठेवून आत गेली.

दाजींनी ते यंत्र मुरबाडला न्यायचं ठरवलं. खोलतो, लाकूड बदलतो म्हणाले. टेम्पोही सांगून ठेवला. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "न्या. पन तवर मी उभा ऱ्हातो."

"खेळायला?" मी विचारलं.

"खेळत नाय मी. ती पडू नये म्हनून उभा हाय."

टेम्पो यायचा त्या दिवशी त्यांना ताप होता. तरी ते खाटेवरून उठले. यंत्रापाशी येऊन उभे राहिले. मी त्यांना मागून धरलं आणि म्हटलं, "तुमी बसा. मी दाबतो." ते बाजूला होऊन खाटेवर टेकले. मी बटणांवर बोटं ठेवली. यंत्राची वायर काढून गुंडाळून ठेवलेली होती.

"डावी," बाबा म्हणाले. मी दाबलं. "उजवी. आता थांब... डावी." मी तसं करत गेलो. मला ऐकू काहीच येत नव्हतं. दाजी दारात उभे राहून बघत होते. मला आधी अवघडल्यासारखं झालं, मग हात सरावले. उजवी, डावी, पुन्हा डावी. ऊन पडवीच्या पायरीवर आलं होतं.

दाजी हळूच म्हणाले, "बाबा कवाचे गप हायेत."

मी मान वळवली. बाबा खाटेवर पडले होते, डोळे मिटलेले, श्वास संथ. झोप लागली होती त्यांना. माझी बोटं बटणांवर चालतच होती.

मी हात काढून घेतले. काही झालं नाही. मी खालची पेटी उघडून बघितली, आमचीच गोळी होती. बाबा उठले तेव्हा ताप उतरला होता. त्यांनी विचारलं, "ती गेली?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पाणी मागितलं.

टेम्पो मी परत पाठवला. यंत्र अजून पडवीतच आहे. बाबा आता कधीतरी खेळतात, एकाच गोळीनं, आणि डाव गेला की हसतात. दाजी मुरबाडला दुसरं बांधतायत. सुट्टीच्या दिवशी मी जातो, तार भरून देतो, घंटा लावतो. सगळं जवळजवळ तयार आहे. काच बसवायची तेवढी राहिलीय. ती दुकानात भिंतीला टेकून उभी आहे आणि आम्ही दोघंही तिला हात लावत नाही.