एकसष्ट पूर्णांक चार

दिगंबर परचुरे यांना आवडेल असा विद्यार्थी अजून जन्माला यायचा होता. शनिवार पेठेतल्या त्या कॉलेजात पंचवीस वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळताना त्यांनी हजारो पोरं पाहिली, आणि एकाचंही तोंड बघून त्यांना बरं वाटलं नाही. पोरांनाही त्यांचं तोंड बघून कधी बरं वाटलं नव्हतं, तेव्हा त्या बाबतीत फिट्टंफाट होती.

लॅबच्या दारावर त्यांच्या हातची पाटी होती. 'माहिती तंत्रज्ञानाचा यशस्वी अभ्यास करण्याचे नियम : चपला बाहेर काढाव्यात. विचारल्याखेरीज यंत्रास हात लावू नये. विचारल्यास परवानगी मिळेलच असे नाही.' मजकूर असा, पण अक्षर मात्र बघत राहावं इतकं देखणं. परचुरे मूळचे टायपिंग शिकवणारे. टाइपरायटर भंगारात गेले, कॉलेजात कॉम्प्युटर येणार असं ठरलं, तेव्हा सहा महिन्यांचा कोर्स करून हे गृहस्थ लॅबचे मालक होऊन बसले. मालक हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. पगार शिक्षकाचा, पण वागणं घरमालकाचं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना 'माहिती तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय होता. ओळख करून द्यायची ती परचुऱ्यांनी, म्हणजे ओळख कशी होत असेल याची कल्पना करा. सर एक जर्नल फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगायचे. त्यात बारा प्रोग्रॅम आणि प्रत्येकाचं उत्तर, त्यांच्याच सुंदर अक्षरात. मुलांनी ते आपापल्या जर्नलमध्ये उतरवायचं, सरांनी सही करायची, आणि बाराही सह्या झाल्या की पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावर शेवटची सही. ती नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. यंत्रावर प्रोग्रॅम चालवून बघायलाच हवा असं कुणी म्हणत नव्हतं. परचुरे तर नाहीच नाही.

ते मूळ जर्नल त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत लिहिलं होतं. तेव्हा यंत्रं अजून खोक्यात होती, म्हणून उत्तरं त्यांनी कागदावर हातानंच काढली. पुढे यंत्रं आली, जुनी झाली, बदलली, पुन्हा बदलली. जर्नल तेच राहिलं. उत्तरं माहीतच असताना ती पुन्हा यंत्राला कशाला विचारायची?

अशा माणसाच्या लॅबमध्ये यंदा नम्रता गुट्टे नावाची मुलगी आली. नांदेडकडची, विश्रांतवाडीला मावशीकडे राहणारी. बाकीच्यांकडे घरी लॅपटॉप होते, त्यामुळे तासाव्यतिरिक्त त्यांना लॅबची गरज नव्हती. नम्रताकडे लॅपटॉप नव्हता, त्यामुळे मिळेल तेवढा वेळ ती तिथेच बसायची आणि प्रत्येक प्रोग्रॅम खरोखर चालवून बघायची. परचुऱ्यांच्या दृष्टीनं हा सरळसरळ आगाऊपणा होता.

प्रोग्रॅम क्रमांक सात, पाच विषयांच्या गुणांची सरासरी. गुण बासष्ट, अठ्ठावन्न, एकाहत्तर, एकोणपन्नास आणि सदुसष्ट. खिळ्यावरच्या जर्नलमध्ये उत्तर होतं ६१.४०. नम्रताच्या जर्नलमध्ये ६१.००.

"आपण गणितात नापास झाला होतात का?" परचुऱ्यांनी भर वर्गात विचारलं.

"नाही सर. पण मशीन एकसष्टच दाखवायलंय."

'दाखवायलंय' ऐकून मागचा बाक हसला. परचुरेही हसले, आणि ते हसले की समोरच्याचं काही खरं नसायचं. "तीनशे सात भागिले पाच किती? आमच्या पुण्यात एकसष्ट पूर्णांक चार येतात. आपल्याकडे वेगळे येत असतील."

"उत्तर तुमचंच बरोबर हाय सर, पण प्रोग्रॅम चुकायलाय. ते असं व्हायलंय कारण..."

"खाली बसा."

ती बसली. सरांनी लाल पेनानं तिच्या उत्तरावर काट मारली आणि सही न करता जर्नल सरकवलं.

"अगं, एकसष्ट चाळीस लिही आणि सूट ना!" शेजारचा सलिल कुजबुजला. त्याचे वडील, काका आणि आत्या, सगळे याच कॉलेजातून शिकलेले. "सबमिशन आहे हे, सत्यशोधन नाही."

"समोर दिसायलंय एक, आन लिहू दुसरं?"

"मग बस बोंबलत."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, पुन्हा चौदा नंबरच्या यंत्रावर बसली, आणि पुन्हा ६१.०० घेऊन उभी राहिली. परचुऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग कपाटातून जाड कागद काढला, त्यावर वळणदार अक्षरात 'नादुरुस्त. हात लावू नये.' असं लिहिलं आणि डिंकानं चौदा नंबरला चिकटवून टाकलं. नम्रता नऊ नंबरवर गेली. तिथेही एकसष्ट. नऊ नंबर नादुरुस्त. पाच नंबर नादुरुस्त. आठवडा संपेपर्यंत वीसपैकी अकरा यंत्रांवर पाट्या लागल्या. बाई हट्टाला पेटली होती आणि बुवा इरेला. मधल्या मध्ये बाकीच्या मुलांना तासाला बसायला जागा उरली नाही. त्यांनी राग कुणावर काढला असेल? अर्थात नम्रतावर. तिच्या चपला दारातून दोनदा गायब झाल्या. दुसऱ्या वेळी ती अनवाणीच बसस्टॉपपर्यंत गेली.

यातली एक पाटी मात्र नम्रतामुळे लागलेली नव्हती. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत लॅब रिकामी असताना परचुऱ्यांनी एक नंबरच्या यंत्रावर स्वतः प्रोग्रॅम सात टाईप केला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. ६१.०० आलं. त्यांनी एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं आणि पुन्हा चालवला. ६१.०० आलं. डबा तसाच ठेवून ते उठले, एक नंबरला पाटी चिकटवली आणि हात धुतले. त्या दुपारी ते विशेष कडवट होते. एका मुलाला त्यांनी शिंकल्याबद्दल बाहेर काढलं.

परीक्षेला चार दिवस उरले तरी नम्रताच्या प्रमाणपत्रावर सही नव्हती. सही नाही म्हणजे परीक्षा नाही, आणि वर्ष वाया गेलं तर मावशी परत पाठवून देणार हे ठरलेलं. इकडे परचुऱ्यांना वाटत होतं की ही एक सही केली, तर पंचवीस वर्षांच्या सगळ्या सह्या खोट्या ठरतील. शेवटी तेच तक्रार घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. विभागप्रमुख हेमा आगाशे म्हणजे त्यांच्याच पहिल्या बॅचची विद्यार्थिनी. चारचौघांत ते तिला मॅडम म्हणत, आणि दर वेळी तो शब्द त्यांच्या घशात अडकत असे.

"ती मुलगी उर्मट आहे," त्यांनी खिळ्यावरचं जर्नल टेबलावर आपटलं. "माझं उत्तर चूक म्हणते. हे तुम्हीही लिहिलंय. सात नंबर. आठवतंय ना?"

"चांगलं आठवतंय," हेमा म्हणाली. तिनं जर्नल उघडलंसुद्धा नाही. "एकसष्टच आलं होतं, सर."

"काय?"

"आमच्या बॅचला. नवी मशीन्स होती, आम्ही हौसेनं चालवून बघितलं. सगळ्यांना एकसष्ट आलं. आणि सगळ्यांनी एकसष्ट चाळीस लिहिलं."

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"अहो सर, आम्हाला तुमची सही हवी होती. तुमच्याशी बोलायचं नव्हतं."

परचुरे जर्नल उचलून लॅबमध्ये परत आले. टेबलावर साठ जर्नलांचा ढीग होता. त्यांनी एकेक उघडून सातवा प्रोग्रॅम काढला. ६१.४०. ६१.४०. ६१.४०. पूर्वी हे बघून त्यांना शिस्त दिसायची. आज एकोणसाठ जणांनी मिळून आपल्याला वेड्यात काढलंय असं त्यांना दिसलं, आणि संतापानं त्यांचे कान लाल झाले. लाल पेन घेऊन त्यांनी एकोणसाठ जर्नलांवर 'यंत्रावर चालवून पाहावे' असं लिहिलं. साठाव्यावर, म्हणजे नम्रताच्या जर्नलवर, सही केली, प्रमाणपत्रावरही केली, आणि ती करताना त्यांना मुळीच मोठं मन दाखवल्यासारखं वगैरे वाटलं नाही. उलट त्या मुलीचा आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात दंगा झाला. "कॉंग्रॅट्स हं, सगळ्यांची वाट लावलीस!" म्हणत सलिलनं जर्नल बाकावर भिरकावलं. परचुरे अकरा यंत्रांवरच्या पाट्या नखानं खरवडत होते. डिंक चांगल्यापैकी पक्का होता. नम्रता जर्नल न्यायला त्यांच्यापाशी आली, सही बघितली आणि बॅगेत टाकलं. आभार तिनं मानले नाहीत. कशाबद्दल मानायचे?

"थांबा," परचुरे तिच्याकडे न बघता म्हणाले. "ते... एकसष्टच का येतं?"

"गुण पूर्ण आकडे, पाच बी पूर्ण आकडा. पूर्णाला पूर्णानं भागलं की मशीन दशांश टाकून देतं. पाचच्या जागी पाच पॉइंट शून्य लिहिलं की बरोबर येतं."

एवढंच. एक टिंब आणि एक शून्य. परचुऱ्यांच्या नखाखाली डिंकाचा गोळा झाला होता.

"मग हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" ते खेकसले.

"सांगायलेच होते, सर," नम्रता म्हणाली. "तुम्ही खाली बसा म्हणालाव."