सातवी सही

"बूट काढा," मोरी-सान म्हणाले.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. हातात पत्रांचा गठ्ठा होता, तो तसाच धरून मी उभी राहिले. त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. "बूट. मग मोजे."

मी बूट काढले. त्यांनी ते उलटे करून झटकले. मोजे मी स्वतः उलटे करून दाखवले. आमच्या एप्रनला खिसे नसतात, मुद्दामच नसतात, म्हणून तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मग ते म्हणाले, "केस."

मी अंबाडा सोडला. सकाळी साडेदहा वाजता, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, थंड फरशीवर अनवाणी, केस मोकळे सोडून मी उभी होते. माझ्या रांगेतल्या सहा जणी पत्रं खणांत टाकत होत्या. एकीनेही मान वर केली नाही.

टोक्योतल्या एका पोस्टाच्या मागच्या बाजूची ही गोष्ट. पुढे काउंटर असतं. तिथले लोक कमरेत वाकतात, गोड बोलतात, सुटे पैसे छोट्या ताटलीत ठेवून देतात. मागे आम्ही. ट्रकमधून जाळीच्या उंच गाड्या येतात, त्यांत पत्रांचे ट्रे. मशीन पत्ते वाचतं. मशीनला जे वाचता येत नाहीत ते आमच्याकडे येतात. थरथरत्या हाताने लिहिलेले, पावसात ओघळलेले, घर नंबर विसरलेले. समोर दोनशेच्या वर खण. बोटाला रबरी टोपी. पत्र उचलायचं, पत्ता वाचायचा, खणात टाकायचं. उभ्यानेच. बोलायचं नाही. पाणी प्यायचं तर बाहेर जायचं, आणि बाहेर जाताना वेळ लिहायची. आम्हाला पोस्टाने ठेवलं नव्हतं, एका ठेकेदार कंपनीने ठेवलं होतं. मोरी-सान त्या कंपनीचे सुपरवायझर.

पहिल्या महिन्यात मी खण चुकायचे. माझ्या शेजारी एंदो-सान नावाची सत्तरीची बाई होती. तिने मला गल्ल्यांची नावं शिकवली, एकेक कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षर, बोटाने हवेत काढून. दोन वर्षांनी मी तिच्यापेक्षा जलद झाले. कुणाच्या हातचं कसलंही अक्षर असो, मला लागायचं. नवीन मुली माझ्याकडे पत्रं घेऊन यायच्या. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू.

त्या सकाळी एक रजिस्टर पत्र हरवलं. कॉम्प्युटरमध्ये ते आत आल्याची नोंद होती, बाहेर गेल्याची नव्हती. ज्या ट्रेमध्ये ते असायला हवं होतं तो रिकामा ट्रे आमच्या रांगेशेजारी सापडला. रजिस्टर पत्रं आमच्याकडे येतच नाहीत. त्यांची खोली वेगळी, कुलूप वेगळं. पण ट्रे आमच्याजवळ होता. रांगेत आम्ही सात जणी. सहा जपानी. बूट एकीचेच निघाले.

एंदो-सानला माहीत होतं की मी सकाळपासून जागची हललेली नाही. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. ती खणांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मला छोट्या खोलीत बोलावलं. आत मोरी-सान होते. आणि सर होते.

सर म्हणजे ओजिमातल्या, आम्ही राहतो त्या वस्तीतल्या, मराठी लोकांचे सर. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. पुण्याचे, वीस वर्षांपासून जपानमध्ये. माझ्या नवऱ्याचं काँट्रॅक्ट त्यांच्याच हाताखाली चालायचं. मी हा बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, धरला तेव्हा कंपनीने हमीदाराची सही मागितली होती. नवऱ्याने सरांना विचारलं, त्यांनी सही दिली. वर म्हणाले, "अरे, एवढं काय त्यात! आपल्याच माणसाला आपण नाही तर कोण मदत करणार?"

आपलं माणूस. आम्ही नवीन आलो तेव्हा त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. सरांनी मला विचारलं, "माहेरचं आडनाव काय?" मी सांगितलं. "गाव?" सांगितलं. "वडील काय करतात?" मी म्हटलं, वडील नाहीत, आई नगरपालिकेत सफाई कामगार होती. ते म्हणाले, "अच्छा, अच्छा." त्यांच्या बायकोने, वहिनींनी, विषय बदलला. त्यानंतर दर गणपतीला त्यांच्याकडे पन्नास माणसं जेवायची. नैवेद्याच्या स्वयंपाकाला ओजिमातल्या सगळ्या बायका ओट्याशी असायच्या. मी आत गेले की वहिनी म्हणायच्या, "तू बस गं, झालंच आमचं." आणि जेवणं उरकली की हाक यायची. "तेवढा कचरा वेगळा करशील? जळणारा, प्लास्टिक, बाटल्या. तुला ते छान जमतं."

मी करायचे. तीन वर्षं केलं. नवऱ्याच्या नोकरीसाठी केलं, असं म्हणायचे. खरं म्हणजे मला तोंड उघडायची भीती वाटायची.

तर त्या खोलीत सर दुभाषे म्हणून बसले होते. हमीदार म्हणून कंपनीने त्यांनाच फोन केला होता. टेबलावर एक कागद. वर लिहिलं होतं, शिमात्सुशो. म्हणजे माझ्या हातून चूक झाली, माफ करा, असं लिहून द्यायचा कागद. मजकूर टाइप केलेला. खाली सहीची जागा रिकामी.

मोरी-सान सरांना जपानीत म्हणाले, "पत्र चुकून दुसऱ्या गठ्ठ्याला चिकटून गेलं असेल का, एवढं त्यांना विचारा."

सर माझ्याकडे वळले. मराठीत म्हणाले, "ते विचारतायत, पत्र कुठे ठेवलंस? हे बघ, खरं काय ते सांग. मी सांभाळून घेतो."

 मोरी-सान काय बोलले ते मला कळलं होतं. सरांना हे माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर मी कधी जपानी बोललेच नव्हते. वॉर्ड ऑफिसच्या जपानीच्या वर्गात मी दर शनिवारी दोन वर्षं जात होते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

मी मराठीत म्हटलं, "मी ते पत्र पाहिलंच नाही. आमच्या खणात रजिस्टर येत नाही."

सर मोरी-सानकडे वळले. थोडे वाकले. हसले. जपानीत म्हणाले, "तिला आठवत नाही म्हणते. माफ करा. तिची आई रस्ते झाडायची. आमच्या देशात असे लोक असतात. सोदाचि वेगळी आहे. मीही सही देण्याआधी विचार करायला हवा होता."

सोदाचि. हा शब्द मी माझ्या मुलीच्या वहीत पाहिला होता. पहिलीत शाळेने प्रत्येक मुलाला कुंडीत एक वेल लावायला दिली होती. रोज तिचं चित्र काढायचं आणि खाली लिहायचं, सोदाचि. वाढ. किती पानं आली, किती सेंटीमीटर चढली. मोठ्या माणसांच्या तोंडी त्याच शब्दाचा दुसरा अर्थ असतो. कुठल्या घरात वाढलास. कुणाच्या पोटचा. तोही मला माहीत होता.

माझ्या आईला एकदा मुकादमाने ऑफिसात बोलावलं होतं. मी सात-आठ वर्षांची, तिच्या पदराला धरून. मुकादम म्हणाला, "काही नाही, नेहमीचा कागद आहे." आईने अंगठा उठवला. दोन खराटे आणि एक ढकलगाडी चोरल्याची ती कबुली होती. आई नोकरीत कायम व्हायची होती, ती त्या कागदामुळे झालीच नाही. मरेपर्यंत ती म्हणायची, "मला वाचता येत नव्हतं गं."

मला येत होतं.

मी कागद पुढे ओढला आणि वाचला. सरळ मोरी-सानकडे बघून जपानीत म्हटलं, "आठवत नाही, असं मी म्हणाले नाही. पाहिलं नाही, असं म्हणाले. या गृहस्थांनी चुकीचं सांगितलं."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

"माझ्या आईचं काम तुम्ही विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. ती रस्ते झाडायची, हे खरं आहे. त्याचा या पत्राशी काय संबंध, ते यांना विचारा."

मोरी-साननी, इथले लोक अडचणीत ओढतात तशी, दातांतून हवा आत ओढली. मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "हा फक्त नियमाचा भाग आहे. सगळ्यांसाठी असतो."

"सगळ्यांसाठी? मग रांगेतल्या सहा जणींना बोलवा. त्यांचे बूट काढा. केस सोडा. त्या सही करतील. सातवी सही मी करीन."

कुणी कुणाला बोलावलं नाही.

सर मराठीत पुटपुटले, "अगं, काय करतेयस? नवऱ्याचा तरी विचार कर."

मी सही केली नाही. उठले आणि माझ्या रांगेत जाऊन उभी राहिले.

पाचव्या दिवशी पत्र मिळालं. कपड्यांच्या जाड कॅटलॉगच्या प्लास्टिक वेष्टनाला चिकटून ते दुसऱ्याच पोस्टात गेलं होतं. सकाळच्या सभेत मोरी-साननी जाहीर केलं, "हरवलेलं टपाल सापडलं आहे. सर्वांनी काळजी घ्यावी." बस. मी हात वर केला. म्हटलं, "माझी झडती इथे घेतली, या सगळ्यांसमोर. माफीही इथेच मागा." पस्तीस माणसं जमिनीकडे बघत उभी होती. मोरी-सान म्हणाले, "नंतर बोलू." ते नंतर कधी आलं नाही. मार्चमध्ये माझं काम पुढे वाढवलं नाही. कारण दिलं नाही.

शेवटच्या दिवशी लॉकरमध्ये माझ्या बुटांवर गोड गोळ्यांची एक पुडी होती. एंदो-सानची. मी ती तिला परत नेऊन दिली. तिचे डोळे भरले होते. मला गोळ्या नको होत्या. झडतीच्या वेळी तिच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, 'ही सकाळपासून इथेच आहे.' तिला ते सुचलं नाही, असं मी मानणार नाही.

वॉर्डाच्या कामगार सल्ला खिडकीवर मी तक्रार लिहून दिली. कंपनीचं नाव लिहिलं. हमीदाराने खोटं भाषांतर केलं, हेही लिहिलं. माझ्या अक्षरात, माझ्या जपानीत. तिथल्या बाईने दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं. मजकुराला हात लावला नाही.

पुढच्या रविवारी सर आमच्या दारात आले. मी आत या म्हटलं नाही. त्यांनी नवऱ्याला सांगितलं की त्याचं नाव ओसाकाच्या प्रोजेक्टला गेलंय, एकट्यानेच जावं लागेल, वर्ष-दीड वर्ष. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ते थांबवता येईल. तू तो अर्ज मागे घे. माझं नाव तरी काढ. शेवटी आपण एकाच मातीतली माणसं."

नवरा माझ्याकडे बघत होता. आदल्या रात्रीच तो म्हणाला होता, तुझं खरं आहे, पण सरांची माफी मागून मोकळी हो. मुलगी दरवाज्यामागे उभी होती.

मी म्हटलं, "तुमच्या मातीत मी कचरा उचलला. आता तो तुमचा तुम्ही उचला. नाव राहील."

"तू मला उलट बोलतेस?"

"हो."

मी त्यांना सर म्हटलं नाही. पुन्हा कधी म्हणणार नाही.

नवरा ओसाकाला गेला. माझ्याशी तो फोनवर कामापुरतंच बोलतो. ओजिमातल्या बायका सुपरमार्केटमध्ये मला पाहून दुसऱ्या रांगेत जातात. तक्रारीवर उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. नाही आलं तर मी पुन्हा लिहीन, त्याच्या वरच्या ऑफिसला. तिथूनही नाही आलं तर त्याच्या वरच्या. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणालाही आता बोलू देणार नाही. आणि ज्या कागदात मला चोर ठरवलंय, त्यावर माझ्या आईच्या लेकीची सही कुणालाही मिळणार नाही.